गार्ड सॅम्पल

आमच्या लग्नाला नऊ वर्षं,
त्यातली चार आम्ही एका यादीत राहतोय.
मुंजाजी रोलिंग मिलमध्ये, रात्रपाळीला.
मी बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये, दिवसा,
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून
किती उगवले ते मोजत.
तो चंदनझिऱ्याला उतरतो तेव्हा
मी बहुतेक कुलूप लावून निघालेली असते.

दोन मोबाईल, यादी एकच.
मी लिहिते : दळण.
तिकडे तापल्या सळईपाशी
त्याच्या खिशात ते थरथरतं.
तो लिहितो : मोटरीचा वाल बदलला, बघ.
मी बघते, टिचकी मारते,
ओळीवर रेघ येते.
कधी कधी आठवड्याचं बोलणं तेवढंच.

नळाला पाणी दहाव्या दिवशी, तेही रात्री अडीचला.
पिंप भरेस्तोवर करायचं काय,
म्हणून एकदा त्या ॲपच्या अटी वाचल्या,
सगळे न वाचताच ज्यांना 'मान्य' म्हणतात त्या.
मराठीत होत्या, म्हणजे यंत्राला येतं तेवढ्या मराठीत.
आपला मजकूर आम्ही विकत नाही.
सेवा सुधारण्यासाठी काही बाबी पाहतो.
पुसलेल्या नोंदी तीस दिवस राहतात,
त्यांच्या प्रती योग्य काळापर्यंत.
योग्य काळ म्हणजे किती, शोधत होते,
तोवर पाणी उंबऱ्यापर्यंत आलं.

नवल नाही वाटलं मला.
आमच्याकडेही प्रत्येक लॉटचं मूठभर बी
सील करून थंड खोलीत ठेवतात.
कुणाच्या रानात उगवलं नाही, तक्रार आली,
की ते काढायचं, रुजवायचं, दाखवायचं :
बघा, आमचं बी जिवंत होतं.
गार्ड सॅम्पल म्हणतात त्याला.
त्या खोलीत मी मे महिन्यातही स्वेटर घालून जाते.

तर कुठेतरी आमचंही असेल तसं पाकीट.
दळण, वाल, सासूबाईंचा चष्मा,
जारवाल्याचे एकशेवीस.
उघडलंच कुणी, तर काय कळेल?
आमच्या गल्लीत पाणी कधी येतं ते कळेल,
पाणी सोडणाऱ्या माणसालाही माहीत नसेल इतकं नेमकं.
मिल कोणत्या महिन्यात बंद होती ते कळेल,
त्या महिन्यात 'आणणे' कुठेच नाही,
सगळीकडे 'बघू'.
मुंजाजी म्हणाला, तिथल्या मशिनीबी तापतात म्हणं,
त्यायला गार ठेवायला लई पानी लागतंय.
कितव्या दिवशी येतं तिथं, मी विचारलं.
तो हसला नाही.

पोळ्याच्या आदल्या रात्री मी लिहिलं :
बागडीबाईंकडे जाणे. गाठ दाखवणे. एकटीने.
आणि दहा मोजायच्या आत पुसलं.
यादी पुन्हा जशीच्या तशी,
वर दळण, खाली बैलाचे गोंडे, भाच्यासाठी.
पुसलेलं आपल्या हातातून जातं, ठीक.
दुसऱ्याच्या हातात किती वेळ उरतं,
अटींमध्ये ते नव्हतं.

सकाळी दारात भेटलो, पाच मिनिटं.
तो बूट उलटे करून भुकटी झटकत होता.
कुलपाची दुसरी चावी कुठंय, एवढंच विचारलं त्याने.

त्या दिवशी एकच ट्रे मी तीनदा मोजला.
सत्त्याऐंशी. एकोणनव्वद. सत्त्याऐंशी.
देशमानेबाई म्हणाल्या, झोप झाली नाही का गं.

चारला फोन थरथरला.
त्याच्या झोपेची वेळ ती.
बुदवारची सुट्टी टाकली. रिक्षा सांगितली, आकराची.
आणि थोड्या वेळाने खाली आणखी एक ओळ :
स्वेटर घे. त्यांच्याकडं एसी लई आसतो.

बुधवार होऊन गेला.
गाठीचं काय निघालं ते त्या यादीत नाही,
इथेही लिहीत नाही.
सुट्टीवर रेघ मारली त्याने, रिक्षावर मी.
स्वेटरची ओळ तेवढी उघडी आहे अजून,
ना त्याने मारली, ना मी.
तीस दिवसांचा नियम पुसलेल्याला.
तसंच ठेवलेल्याला कोणता,
ते मी मुद्दाम वाचलं नाही.